वरच्या माळ्याला स्प्रिंकलर लागतो का?

६ ऑक्टोबर २०२४. पहाटेची वेळ. चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत एका घराला आग लागली. खाली दुकान आणि वर राहते घर, अशी आपल्या वस्त्यांमध्ये शेकड्याने दिसते तशीच ती रचना. आग खालच्या दुकानात विजेच्या वायरिंगमधून सुरू झाल्याचे सांगण्यात आले. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलेही होती.

त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास, गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या एसआरए इमारतीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग भडकली होती. तिथली अनेक कुटुंबे जुन्या कपड्यांचा व्यवसाय करणारी. खाली ठेवलेले कपडे आणि गाड्या पेटल्या आणि धूर जिन्यातून वर चढला. किमान सात जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले.

एक घर वस्तीतले, दुसरे वस्ती सोडून मिळालेले. आमच्या वाचकांपैकी उपनगरांत राहणारे बहुतेक जण या दोन्हींपैकी एका प्रकारच्या घरात राहतात, किंवा पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट पाहत आहेत. म्हणूनच घाटकोपरच्या एका विहारातील रविवारच्या बैठकीत एका ताईंनी विचारलेला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. त्या म्हणाल्या, "आमच्या वरच्या खोलीत भाडोत्री आहे. पोरगा म्हणतो, मॉलमध्ये छताला असतो तसा पाण्याचा फवारा बसवू. कायद्याने तो लागतो का? आणि बसवला तर चालेल का?"

बैठकीत यावर थोडे हसू झाले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही नियम चाळले, या कामातल्या माणसांशी बोललो. जे समजले ते इथे मांडत आहोत.

कायद्याचे उत्तर एका शब्दात

नाही. वस्तीतल्या एकमजली घराच्या माळ्याला कोणताही कायदा स्प्रिंकलर लावायला सांगत नाही.

महाराष्ट्रात यासाठीचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. कोणत्या इमारतीला काय बसवायचे हे ठरवताना राष्ट्रीय इमारत संहितेतला तक्ता आधाराला घेतला जातो, तिची सध्याची आवृत्ती २०१६ ची. मुंबईत त्याच्या जोडीला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. या सगळ्यांचा हिशेब उंची, क्षेत्रफळ आणि वापर यांवर चालतो. संहितेच्या लेखी १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे उंच इमारत. त्याखालच्या निवासी इमारतीत स्प्रिंकलरची सक्ती नाही. अपवाद मोठ्या तळघराचा, म्हणजे २०० चौरस मीटरच्या वरचे तळघर. उंची वाढत जाते तशी मागणीही वाढते: आधी हातात धरायचे सिलिंडर, मग होज रील, मग जिन्यालगत उभा पाण्याचा पाइप, पंप, आणि पुढे स्प्रिंकलर.

आता आपला माळा या तक्त्यात कुठे बसतो? कुठेच नाही. महापालिका वस्तीतल्या घराची उंची १४ फुटांपर्यंत चालवून घेते, म्हणजे सव्वाचार मीटर. त्यातच लोक मधे स्लॅब किंवा फळ्या टाकून दोन खोल्या काढतात, बाहेरून लोखंडी जिना चढवतात आणि वरची खोली अकरा महिन्यांच्या करारावर किंवा हेवी डिपॉझिटवर देतात. कायद्यालाही 'लॉफ्ट' माहीत आहे, नाही असे नाही. पण नियमावलीतला लॉफ्ट दीड मीटर उंचीपर्यंतचा, ट्रंका आणि गाद्या ठेवायचा. त्यात माणूस झोपतो, तिथे चूल पेटते, तिथे नवी सून नांदायला येते, हे नियमावलीला माहीतच नाही.

हा मुद्दा फक्त आगीपुरता नाही, हे वस्तीतल्या माणसाला सांगायला नको. झोपडपट्टी पुनर्वसनातही वरच्या मजल्यावरचा माणूस पात्र धरला जात नाही. घर मिळते ते तळमजल्याच्या धारकाला. धारावीच्या प्रकल्पात वरच्या मजल्यावरच्यांसाठी काही तरतूद झाली, ती १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या रहिवाशांना, भाडे-खरेदी तत्त्वावर आणि धारावीच्या बाहेर. म्हणजे वरच्या माळ्यावर राहणारा पुनर्वसनाच्या यादीतही नाही आणि आगीच्या तक्त्यातही नाही.

कॅलिफोर्नियातल्या जोडघराची गोष्ट

आमच्या एका वाचकाचे चुलत भाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतात. त्यांच्या परसात त्यांनी आईवडिलांसाठी छोटे जोडघर बांधायला काढले, तेव्हा स्प्रिंकलरचाच प्रश्न आला. तिथला नियम समजून घेण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या एक-दोन कुटुंबांच्या घरांनाही स्प्रिंकलर सक्तीचा आहे. पण जुन्या घराच्या आवारात जोडघर बांधले तर राज्याचा कायदा म्हणतो: मुख्य घराला स्प्रिंकलरची सक्ती नसेल तर जोडघरालाही ती करता येणार नाही. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केले की जोडघर बांधले म्हणून जुन्या मुख्य घराला स्प्रिंकलर बसवायला लावता येणार नाही. कारण उघड आहे. तिथेही घरांची टंचाई आहे आणि खर्च वाढला की माणूस बांधतच नाही.

म्हणजे तिथेही सूट, इथेही सूट. मग फरक काय? तिथे ती विचार करून दिलेली सूट आहे. जोडघर कागदावर आहे, त्याला परवानगी आहे. स्प्रिंकलर सुटला तरी झोपण्याच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी आणि धुराचा अलार्म या दोन गोष्टी सुटत नाहीत. आपल्याकडे मात्र सूट कोणी दिलेली नाही. आपले घर मोजलेच गेले नाही, एवढेच. त्यामुळे स्प्रिंकलरसोबत खिडकी आणि अलार्मही गेले. वरच्या खोलीच्या खिडकीला चोरीच्या भीतीने बॉक्स ग्रिल पक्के वेल्ड केलेले असते, आणि उतरायला एकच जिना.

फवारा नेमका कसा चालतो

ताईंच्या मुलाची कल्पना खरोखर चालेल का, हे पाहायचे तर स्प्रिंकलर काय असतो ते कळायला हवे. सिनेमात एकाने सिगारेट पेटवली की अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो. तसे होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते, आत रंगीत द्रव. नेहमीची लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. कुपी फुटली की तेवढ्याच तोंडातून पाणी येते, बाकीची तोंडे बंदच राहतात. धुराने ती उघडत नाहीत, उष्णतेने उघडतात. त्यामुळे बहुतेक आगी एक-दोन तोंडांतच आटोक्यात येतात.

खरी अडचण पाण्याच्या दाबाची. एका साध्या तोंडाला किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे सुमारे पाच मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा. त्या दाबाला ते मिनिटाला सुमारे ५७ लिटर पाणी फेकते. आता आपले घर बघा. पत्र्यावर ५०० लिटरची काळी टाकी. वरच्या खोलीचे छत त्या टाकीच्या जेमतेम मीटरभर खाली. एवढ्या दाबात पाणी फवारत नाही, नळासारखे गळते. म्हणजे पंप हवा. पंपाला वीज हवी. आणि आग लागली की पहिली जाते ती वीज, नाहीतर ती मुद्दाम तोडावी लागते. मोठ्या इमारतीत म्हणूनच विजेच्या पंपाशेजारी डिझेलचा पंप ठेवतात.

समजा पंपही बसवला. ५०० लिटर पाणी एका तोंडाला नऊ मिनिटे पुरेल, दोन तोंडे उघडली तर साडेचार. हे ऐकून बैठकीत एक काका म्हणाले, "मग काय उपयोग?" उपयोग आहे. घरातला स्प्रिंकलर आग पूर्ण विझवण्यासाठी नसतो, माणसे बाहेर पडेपर्यंत तिला रोखण्यासाठी असतो. अमेरिकेत लहान घरांसाठीचे जे वेगळे मानक आहे तेही साधारण दहा मिनिटांचेच पाणी मागते. पण बाहेर पडायला वाटच नसेल तर ती दहा मिनिटेही वाया जातात, आणि आपल्या माळ्यात वाटेचाच प्रश्न पहिला आहे.

आतून शिडी असलेल्या घरात तर तो आणखी बिकट होतो. खालच्या खोलीत काही पेटले की गरम धूर वर जातो आणि त्याला वर जायला एकच तोंड असते: शिडीचे भोक. ते भोक धुराड्यासारखे काम करते. खाली झोपलेला दार उघडून पळतो. वर झोपलेल्याला आग दिसण्याआधी धूर येतो, आणि झोपेत धुराने जाग येतेच असे नाही.

म्हणून आम्ही ताईंना सांगितले: माळ्याला स्प्रिंकलर बसवायचा खर्च करू नका, तो पैसा दुसरीकडे लावा. पहिले काम ग्रिलचे. त्याचा एक भाग आतून कडी काढून, किल्लीशिवाय उघडेल असा करून घ्या. गल्लीतला फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो. कडी घरातल्या लहान मुलालाही उघडता यायला हवी आणि भाडोत्र्याला ती दाखवून ठेवायला हवी. दुसरे, बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म, एक वरच्या छताला आणि एक शिडीच्या भोकाजवळ. वंदनेच्या जागेपासून मात्र तो लांब लावा. अगरबत्तीने रोज ओरडला तर चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवणार. आणि वंदनेची गोष्ट निघालीच आहे तर, पौर्णिमेच्या रात्री पेटती मेणबत्ती लाकडी फळीवर ठेवून झोपणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

शिडीच्या किंवा जिन्याच्या पायथ्याशी काय ठेवले आहे ते आजच बघा. मीटरचा बोर्ड, गॅसचा सिलिंडर, चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी, रद्दी. उतरायच्या एकमेव वाटेवर हे सगळे नको. वर भाडोत्री ठेवताना खालच्याच जोडणीतून वायर ओढून वर पंखा, फ्रिज आणि आता एसी चालवला जातो. वायर तीच, भार तिप्पट. एमसीबी आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घेणे हे माळ्याचे भाडे घेणाऱ्याचे काम आहे, भाडोत्र्याचे नाही. खाली दुकान असेल तर ते आणखी महत्त्वाचे. बंद दुकानात किंवा मीटरच्या कोंडीत छताला टांगायचा पावडरचा सिलिंडर मिळतो. त्याच्या तोंडाशीही तीच ६८ अंशांची कुपी असते, पाणी आणि पंप लागत नाही. झोपायच्या खोलीत तो टांगू नये, पावडर उडाली की समोरचे दिसत नाही आणि श्वास कोंडतो.

गल्ली अरुंद असेल तर बंब दारापर्यंत येणार नाही हे गृहीत धरूनच चालावे. ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवली पूर्वेच्या दामू नगरमध्ये आग लागली तेव्हा एकामागून एक गॅस सिलिंडर फुटत गेले आणि हजारावर घरांची राख झाली. १०१ ला फोन करताना फक्त वस्तीचे नाव सांगून भागत नाही, बंब मुख्य रस्त्यावर कुठे थांबेल ती खूण सांगावी लागते, आणि तिथे कोणीतरी उभे राहावे लागते.

नव्या इमारतीत मात्र प्रश्न उलटा

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए मिळून करत आहेत. १६ हजारांहून अधिक कुटुंबांचा हा प्रश्न आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंडमध्येही जुन्या वस्त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. या इमारतींना वरचा तक्ता पूर्ण लागू होतो. इथे स्प्रिंकलर मागण्याचा प्रश्न नाही. तो बसवलेला असतो, पण चालतो का, हा प्रश्न आहे.

जुन्या पुनर्वसन इमारतींचे वेगळे दुखणे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत २४ मीटरच्या वरची इमारत उंच मानली जाई. त्या काळच्या कितीतरी पुनर्वसन इमारती तळमजला अधिक सात मजल्यांवर थांबलेल्या दिसतात, त्या या रेषेच्या जरा अलीकडे. मजल्यावर दाटीने घरे, अनेक ठिकाणी जिना एकच. गोरेगावच्या आगीनंतर जुन्या एसआरए इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी आणि बाहेरून लोखंडी जिने बसवण्याच्या घोषणा झाल्या. तुमच्या इमारतीला जिना आला का, हे तुम्हाला खिडकीतून दिसेलच.

मुलुंडच्या एका पुनर्वसन इमारतीत आम्ही गेलो होतो. पार्किंगच्या छताला लाल पाइप आणि स्प्रिंकलरची तोंडे होती. बघून बरे वाटले. मग बारकाईने पाहिले. रंगकाम करताना तोंडांवरही रंगाचा हात फिरवलेला. रंग चढलेली कुपी वेळेवर फुटेल याचा भरवसा नसतो, असे तोंड बदलावेच लागते. दोन तोंडांना दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. पंपाच्या खोलीतल्या दाबाच्या काट्याचे टोक शून्यावर. पंप 'ऑटो'वर नव्हता, आणि खोलीची किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे, जे दोन वर्षांपूर्वी विरारला राहायला गेले. होज रीलच्या पेटीतले पितळी नोझल गायब. आगीसाठी राखलेल्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात वापरायला काढले होते, ते पुन्हा कोणी भरले नाही. बाहेर बंबाने पाणी चढवायच्या जोडणीसमोर सात दुचाकी उभ्या. यातली एकही गोष्ट दुरुस्त करायला मोठा खर्च नाही.

कायद्याने ही जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. इमारत सोसायटीच्या ताब्यात आल्यावर भोगवटादार म्हणजे आपणच. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन दलाला द्यायचे असते. त्यालाच 'फॉर्म बी' म्हणतात. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. कोणाकडूनही कागदावर शिक्का मारून घेतलेला फॉर्म बी घातक ठरतो, कारण त्यामुळे सगळे निर्धास्त होतात. संस्थेचा माणूस आला की त्याला आपल्यासमोर पंप सुरू करायला लावा, सर्वात वरच्या मजल्यावरच्या होजमधून पाणी सोडून बघा, पार्किंगमधल्या चाचणीच्या नळातून पाणी सोडल्यावर पंप आपोआप चालू होतो का ते पाहा. अर्धा तास लागतो.

पैशाचे काय, हा प्रश्न प्रत्येक सर्वसाधारण सभेत येतो. पुनर्वसन सदनिकेमागे विकासकाने देखभालीसाठी रक्कम जमा करायची असते. ती जमा झाली का, तिचे व्याज सोसायटीला मिळते का, हे एसआरएला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. इमारतीचा अग्निशमन ना-हरकत दाखला काय म्हणतो, त्यात स्प्रिंकलर कुठे कुठे लिहिले आहेत, याची प्रतही मागून घ्या. ती प्रत हातात असली की विकासक 'एवढेच होते' असे म्हणू शकत नाही. आणि हे ताबा घेण्याआधी करायला हवे, चावी हातात आल्यावर नाही. रमाबाई नगरच्या समित्यांना आमची ही खास विनंती आहे.

वरच्या माळ्यावरच्यांना नव्या इमारतीत जागा मिळेल की नाही, हा भांडण वेगळे आणि मोठे आहे, त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहू. पण पुनर्विकास होईपर्यंत पाच-सात वर्षे ते तिथेच झोपणार आहेत.

ताईंचा फोन परवा आला होता. ग्रिलला कडी लागली. वरच्या भाडोत्र्याने मुलाला उचलून त्यातून पलीकडच्या पत्र्यावर उतरून दाखवले. पत्रा थोडा वाकला, म्हणून शेजाऱ्यांशी बोलून खाली लोखंडी अँगल टाकायचे ठरले आहे, खर्च दोघांत अर्धा अर्धा. अलार्म आला आहे, लावायचा राहिला आहे. मुलगा येत्या रविवारी लावणार आहे.